मदत हवी आहे: हार्नेस बोर्डावर पास, ट्रॅक्टरवर फेल

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये ट्रॅक्टरचे वायर हार्नेस (कनेक्टर लावून बांधलेले वायरींचे जुडगे) बनतात. टेस्ट बोर्डावर कंटिन्युइटी टेस्ट (सर्किट सलग जोडलेलं आहे का याची तपासणी) पास होते, पण ट्रॅक्टर हादरला की एखादं सर्किट मध्येच तुटतं. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याचा खोळंबा होतो, ते फार लागतं.

क्रिंपची, म्हणजे वायरच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून केलेल्या जोडाची, उंची बरोबर आहे. ०.५ चौ. मिमी वायरला आयईसी ६०३५२-२ या क्रिंप जोडांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान ६० न्यूटन ओढ सोसावी लागते; इन्सुलेशनची पकड मोकळी करून ओढलं तरी आमचे नमुने टिकतात. मला संशय आहे तो टर्मिनल कनेक्टरमध्ये पूर्ण न बसण्याचा. टेस्ट बोर्डाची पिन टर्मिनलला टेकते, बीप वाजतो, लॉक मात्र लागलेलं नसतं!

प्रत्येक वायर हाताने हलकी ओढून पाहणं पुरेसं आहे, की पुश-बॅक फिक्स्चरच (टर्मिनल मागे ढकलून लॉक लागलंय का ते तपासणारं साधन) लावावं? नागपूर-बुटीबोरीकडे ते कोण बनवून देतं?