अनुभव धागा: कोटी कुठे जमते, कुठे फसते

कोट्या ऐकून कपाळाला हात लावणारे पुष्कळ आहेत. इथे मात्र कोट्या नकोत, त्यांची जुळणी सांगा. कोणती कोटी कशामुळे टिकते, नेमकी कुठे फुटते, आणि फुटली तर डागडुजी काय?

वेलांटीवाला
मराठीत कोटीचा पहिला शत्रू लिंग. 'ती नाव' पाण्यात, 'ते नाव' पाटीवर. भूतकाळ आला की भांडं फुटतं: बुडाली की बुडालं, हे क्रियापदच सांगून टाकतं. षष्ठीही चुगलखोर, 'संस्थेची नाव' आणि 'संस्थेचं नाव'. विभक्ती लागली तर 'नावेत' आणि 'नावात' अशी ताटातूटच. म्हणून शब्द प्रथमेत ठेवा, मागे विशेषण नको, आणि क्रियापद भविष्यकाळी घ्या: 'अध्यक्ष बदलले नाहीत तर नाव बुडेल.' 'बुडणार'ही चालतं. वर्तमानकाळ फसवा आहे. लेखी 'बुडते' दोन्हीकडे बसतं, पण बोलताना 'बुडतं' म्हणालात की होडी गेली.
हार (तो गळ्यातला, ती पराभवाची) याच पद्धतीने: 'निकालाच्या दिवशी त्यांच्या वाट्याला हार येणार.'

रंगपट
वरचं सगळं मान्य, पण मंचावर आणखी एक अडचण. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे कोटीचा शब्द शेवटून दुसरा येतो आणि हशा 'बुडेल'वर सांडतो. शब्द शेवटी न्या: 'बुडणार काय, तर नाव!' 'बुडणार ती नाव' असं मात्र नको, 'ती'ने घात होतो.

प्रुफांचा गठ्ठा
कानाची कोटी आणि कागदाची कोटी वेगळी. 'विनाअनुदानित शाळेत रोजच शिक्षक दीन' हे ऐकायला चोख, कारण उच्चारात दिन आणि दीन जवळजवळ सारखेच. छापलं की वेलांटी उत्तर आधीच फोडते.
'जरा'चं उलट. 'आरशात दिसतं का?' 'जरा.' थोडंसं असेल तर ज दंततालव्य ('जोर'मधला), म्हातारपण असेल तर तालव्य ('जीव'मधला). वाचताना दोन्ही अर्थ उभे राहतात. बोलणाऱ्याला एक ज निवडावाच लागतो आणि दुसरा अर्थ मरतो. ही कोटी कागदावरच ठेवा.

वेलांटीवाला
दोन्हीकडे चालणारी हवी असेल तर सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द जे रूप घेतो त्यात, शोधा. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या 18 नियमांचा (1962 चे 14, 1972 चे 4) विनोदाला झालेला हा उपकार कोणी मोजत नाही! अकारान्त शब्दात उपान्त्य (शेवटून दुसरा) इ-उ दीर्घ, म्हणून दोरा तो 'सूत'. तत्समांना (संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना) सूट, म्हणून मुलगा तो 'सुत'. पण प्रत्यय लागला की दोऱ्याचाही ऊ ऱ्हस्व होतो आणि दोघेही 'सुता-'. लिंगाची कटकट इथे प्रत्ययाने मिटवली आहे. आता 'सुतावरून स्वर्ग' म्हणा. पुत्र झाल्याशिवाय स्वर्ग नाही मानणाऱ्या घरात तो लेखी-तोंडी दोन्ही बसतो.

रंगपट
सभंग श्लेषाचा (शब्द वेगळा तोडला की दुसरा अर्थ देणाऱ्या कोटीचा) जुना नमुना म्हणजे दमयंतीचं 'औषध नलगे मजला'. आई ऐकते 'न लगे' (औषध नको), लेक म्हणते 'नल गे' (औषध म्हणजे नलच, गे आई). इथे सगळा खेळ शब्दांमधल्या मोकळ्या जागेचा. बोलताना 'नलगे' एका दमात घ्यायचं. ल नंतर थांबलात तर आईलाही कळेल.

प्रुफांचा गठ्ठा
आणि छापायला देताना समासात (पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत) 'असेच ठेवा' लिहायचं. नाहीतर एखादा कर्तव्यदक्ष मुद्रितशोधक 'न लगे' असं तोडतो, आणि नलाचा पत्ता कट.

सीमेवरचा
हिंदी-मराठी जोड्यांत 'शिक्षा' पार झिजली, तिला सोडा. 'राजीनामा' अजून ताजा आहे: तिकडे समेट, इकडे पद सोडणं. 'दोन्ही पक्षांत राजीनामा झाला' यात भांडण मिटलं की सरकार पडलं, हे ऐकणाऱ्यावर सोपवा. 'चेष्टा'सुद्धा चांगली, तिकडे प्रयत्न आणि इकडे थट्टा, पण वाक्य असं हवं की दोन्ही भाषांत व्याकरण जुळेल. ते क्वचितच जुळतं. न जुळल्यास कंसात खुलासा देऊ नका, कोटीच काढून टाका.