स्क्रीनवर उजळ, प्रिंटला काळपट: मॉनिटर कॅलिब्रेट कसा करावा?

रंकाळाकाठ:
जोतिबाच्या चैत्र यात्रेचे फोटो १२×१८ला छापायचेत. स्क्रीनवर झक्कास, पण प्रिंटमध्ये सावल्या काळ्याकुट्ट आणि गुलाल विटलेला. २४ इंची आयपीएस मॉनिटर, ब्राइटनेस ८०. आधी कॅलिब्रेटरच घ्यावा लागेल का?

तिसरा_डोळा:
आधी ब्राइटनेस उतरवा. ते ८० म्हणजे कॅन्डेला (स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) नव्हेत, नुसते टक्के. फोटोच्या कामाला १०० ते १२० कॅन्डेला पुरतात, अंधाऱ्या खोलीत ८०सुद्धा. मॉनिटर लखलखीत असला की आपण फाइल नकळत गडद करतो आणि कागद ते उघडं पाडतो.
उपकरण नसेल तर स्क्रीनवर पांढरं पान उघडा. प्रिंट ज्या उजेडात बघता, त्याच उजेडात कोरा फोटोपेपर शेजारी धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. रंग मात्र नजरेनं जुळवू नका. डोळा कुठल्याही पांढऱ्याला लगेच सरावतो.

राखाडी_पट्टी:
रंगासाठी कलरीमीटर (स्क्रीनवर ठेवून रंग मोजणारं उपकरण, म्हणजे तुमचा कॅलिब्रेटर) हवाच. मॉनिटर अर्धा तास तापू द्या. नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ऑटो ब्राइटनेस बंद. खिडकीचा उजेड स्क्रीनवर नको. डिस्प्लेकॅल या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ६५०० केल्व्हिन (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजळपणा), १२० कॅन्डेला ठेवा. ब्राइटनेस आणि लाल-हिरवा-निळा आधी मॉनिटरच्या बटणांनीच जमवा, उरलेलं सॉफ्टवेअरवर सोडा. सगळं त्याच्यावर टाकलं तर ग्रेडियंटमध्ये (हळूहळू बदलणाऱ्या छटांमध्ये) पट्टे दिसतात. बॅकलाइटचा प्रकार चुकीचा निवडला तर पांढऱ्यावर हिरवट किंवा गुलाबी झाक येते. पुष्कळ जण इथंच फसतात.
तयार झालेलं प्रोफाइल (तुमचा मॉनिटर रंग कसे दाखवतो ते सांगणारी फाइल) विंडोजला लावायचं. फोटोशॉपची वर्किंग स्पेस (एडिटिंगसाठीची कलर स्पेस, म्हणजे रंगांची ठरलेली व्याप्ती) म्हणून ते कधीच लावू नका!

तिसरा_डोळा:
गुलालाचं दुखणं वेगळं. इतका भडक गुलाबी बऱ्याच कागदांच्या आवाक्याबाहेर असतो. लॅबकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागा आणि सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच प्रिंटचा अंदाज घेताना, गॅमट वॉर्निंग (कागदावर न उतरणारे रंग करडे दाखवणारी सोय) लावून बघा. करडा पडेल तेवढ्याच भागाचं सॅच्युरेशन उतरवा, नाहीतर गुलालाची भुकटी न दिसता सपाट डाग दिसतो. फाइल कुठल्या कलर स्पेसमध्ये पाठवली?

रंकाळाकाठ:
अ‍ॅडोब आरजीबी.

राखाडी_पट्टी:
मग निम्मं उत्तर तिथंच आहे. लॅबच्या मशीननं ती फाइल एसआरजीबी (अ‍ॅडोब आरजीबीहून लहान, सर्रास वापरातली कलर स्पेस) समजून छापली की सगळेच रंग मरतात. कन्व्हर्ट टू प्रोफाइलनं एसआरजीबी करा (असाइन नव्हे, त्यानं दिसणारे रंगच बदलतात), जेपीजीत प्रोफाइल एम्बेड करा आणि लॅबला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. आधी एक ४×६ काढून बघा, मग १२×१८.