दुकानाच्या साइटवर तेलाचा एकक दर कसा दाखवायचा?

घाणा_सांगली: आमचा लाकडी घाणा आहे. वूकॉमर्सवर (साइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) शेंगदाणा तेल विकते: अर्धा लिटर १९० रुपये, एक लिटर ३७०, पाच लिटरचा डबा १८००. परवा एका काकूंनी फोन करून विचारलं, "अगं, मोठा डबा घेऊन माझे नक्की किती वाचतात?" मला कागद घेऊन बसावं लागलं. हे किमतीखालीच दिसायला हवं. कसं करू?

वजनकाटा: ताई, हे तुम्हाला दाखवावंच लागतं. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या वैधमापन नियमांत २०२१ साली एकक विक्री किंमत, म्हणजे एका मापाला पडणारा दर, आली. लिटरपेक्षा कमी माल असेल तर दर मिलीलिटरला, जास्त असेल तर लिटरला. म्हणजे अर्ध्या लिटरवर ०.३८ रुपये प्रति मिली, डब्यावर ३६० रुपये प्रति लिटर. एक लिटरला एमआरपी हाच दर, वेगळा लिहायची गरज नाही. हा हिशोब एमआरपीवर करा, सवलतीच्या किमतीवर नको.

घाणा_सांगली: पण ०.३८ आणि ३६० शेजारी पाहून काकूंना काय कळणार?

कोडकर: नियमाचा आकडा ठेवाच. खाली आणखी एक ओळ द्या, जसं अर्ध्या लिटरवर: "लिटरला ३८० रुपये पडतात". प्रत्येक व्हेरिएशनला, म्हणजे अर्धा, एक, पाच लिटर अशा प्रत्येक मापाला, मिलीलिटरचं वेगळं फील्ड करा आणि भागाकार साइटलाच करू द्या. हाताने लिहिलात तर भाव बदलला की जुना आकडा तसाच राहतो. शिपिंगचं वजन मात्र वापरू नका, त्यात डबाही मोजलेला असतो.

घाणा_सांगली: माझ्याकडे तेच वजन भरलेलं होतं! आजच बदलते. काकूंनाही कळवते, डब्यामागे अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्यांपेक्षा शंभर रुपये वाचतात.