4 वर्षांच्या लेकीला गणपतीपुळ्यात कसं रमवू?

पुण्याहून आंबा घाटाने निघतोय, लेक क्षणात हसते क्षणात भोकाड पसरते, गाडीत 7-8 तास आणि तिथे 3 दिवस काय करू? मोबाईल द्यायचा नाहीये.

दोन_पिल्लांची_आई: घाटाआधी पोटभर भरवू नकोस गं, अर्धी चिडचिड मळमळीचीच असते. आणि दुपारची झोप चुकवू नका, मग देऊळ राहिलं तरी चालेल, संध्याकाळी जा.

रत्नागिरीकर: ओहोटीला किनाऱ्यावर न्या ताई, बारके खेकडे बिळाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या मांडतात, माझा भाचा तासभर उकिडवा बसून बघत होता. पाण्यात मात्र नको, पुळ्याचा समुद्र धोक्याचाय.

प्रश्नकर्ती: थँक्यू दादा, खेकड्यांचं आत्ताच सांगितलं तिला, बादली शोधायला पळालीय!