मदत हवी आहे : १९८३ च्या मर्सिडीज ३०० डी मध्ये ऑटोमॅटिक गिअर पडताना जोराचा हिसका (कोल्हापूर)

नमस्कार. आमच्या घरी १९८३ सालची मर्सिडीज ३०० डी (डब्ल्यू १२३) आहे. माझे काका जर्मनीतली नोकरी संपवून परतले तेव्हा त्यांनी ती सोबत आणली होती. टर्बो नसलेले पाच सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि ७२२.३ जातीचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दोन्ही मूळचेच आहेत. गेल्या पावसाळ्यापासून दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना असा हिसका बसतो की मागे बसलेल्या माणसाची मान हलते.

हा त्रास एक्सलरेटरवर पाय हलका असतानाच होतो. ताराराणी चौकापासून रंकाळ्यापर्यंत रहदारीतून जाणे नकोसे होते, पण पन्हाळ्याला जाताना वाघबिळाच्या चढावर पाय पूर्ण दाबला तर तोच गिअर पूर्वीसारखा पडतो. उद्यमनगरातील एका मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेटा बदलाव्या लागतील असे सांगितले आहे. ते माझ्या मनाला पटत नाही, कारण प्लेटा झिजल्या असत्या तर चढावर, म्हणजे जोर लागतो तिथेच, इंजिन नुसते घोंगावून गिअर घसरला असता. इथे नेमके उलटे घडते आहे.

माझा संशय व्हॅक्यूमवर आहे. डिझेल इंजिनात थ्रॉटल नसल्यामुळे या गाडीत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, आणि इंजेक्शन पंपावर बसवलेला कंट्रोल व्हॉल्व्ह एक्सलरेटर जितका दाबावा तितका व्हॅक्यूम कमी करत तो गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरकडे, म्हणजे गिअर किती जोराने पडावा हे ठरवणाऱ्या भागाकडे, पाठवतो. व्हॅक्यूम पोहोचलाच नाही तर गिअरबॉक्सच्या लेखी पाय सदैव पूर्ण दाबलेला असतो आणि हलक्या पायालाही तो गिअर तेवढ्याच जोराने टाकतो. याच पंपावर दारांचे सेंट्रल लॉकिंग आणि इंजिन बंद करण्याची यंत्रणाही चालते. माझ्या गाडीचे डावीकडचे मागचे दार लॉक होत नव्हते आणि चावी फिरवल्यावर इंजिन चार-पाच सेकंद चालूच राहत होते. मला ही दोन वेगळी दुखणी वाटत होती.

दारांकडे जाणारी नळी बूच लावून बंद केल्यावर इंजिन चावीसरशी बंद होऊ लागले आणि हिसका निम्म्याने कमी झाला, पण गेला नाही. मॉड्युलेटरची नळी काढून पाहिली, तिच्यात तेल आढळले नाही. हातपंपाने १५ इंच (पाऱ्याचे इंच) व्हॅक्यूम दिला, तर दहा मिनिटांत काटा हलला नाही, म्हणजे आतला पडदा शाबूत असावा. आयडलिंगला मुख्य नळीत २१ इंच मिळतो, मात्र कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढे मॉड्युलेटरच्या नळीत जेमतेम ७ इंच. (कोल्हापूर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडचा आकडा मुंबईपेक्षा जवळजवळ २ इंचांनी कमीच येणार, हे मी धरले आहे.) तेल आणि फिल्टर बदलले असून टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या साहाय्याने जोडणाऱ्या भागातले) तेलही त्याच्या ड्रेन प्लगमधून काढले. पॅनमध्ये बारीक काळी साय होती, धातूचा कीस नव्हता. पातळी गाडी तापल्यावर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये पाहिली आहे. गिअरबॉक्सचे माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टच्या रबरी चकत्याही ठीक आहेत.

आता प्रश्न असा की, ज्यांच्याकडे हीच गाडी आहे त्यांना आयडलिंगला आणि अर्ध्या एक्सलरेटरला मॉड्युलेटरच्या नळीत किती व्हॅक्यूम मिळतो? कंट्रोल व्हॉल्व्ह जागेवरच सैल करून फिरवून आकडा वाढवणे योग्य, की तो बदलणेच बरे? आणि एक्सलरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबलचे माप आधी लावावे की व्हॅक्यूम दुरुस्त झाल्यावर? मॉड्युलेटरच्या रबरी टोपीखालची चावी फिरवून हिसका कमी करता येतो हे मला माहीत आहे, पण मूळ दोष तसाच ठेवून ती फिरवली तर उद्या गिअर घसरू लागतील आणि मग प्लेटा खरोखरच जळतील, म्हणून मी तिला हात लावलेला नाही.

दर दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार पाहायला गर्दी करणाऱ्या या गावात लेथवर कोणताही सुटा भाग हुबेहूब करून देणारे हात पुष्कळ आहेत, पण जुन्या ऑटोमॅटिकचे तेलाचे प्रेशर गेज लावून मोजणारे कोणी मला अजून भेटलेले नाही. कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावात असे काम होत असल्यास कृपया कळवावे. दिवाळीपर्यंत गिअरबॉक्स उतरवायचा नाही, असे मिस्त्रींना सांगून ठेवले आहे.