जुन्या सार्वजनिक जलतरण तलावावर जायचंय: वेळ कोणती, काय घ्यायचं, काय बघायचं?

उथळपाणी:
नगरपालिकेचा जुना, उघडा तलाव आहे. पोहता येतं, डीपमध्ये मात्र धीर होत नाही. पोहायचंय आणि तलावाचा इतिहासही बघायचाय. एकदाच जाणं होईल, तासाभराची बॅच. खर्च टोपी आणि गॉगलपुरताच, तोही साधा. कोणती बॅच घेऊ? जुन्या खुणा कुठे शोधू?

सूरमार:
साधा गॉगल म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात. उघड्या तलावाला मिरर कोटिंगचाच घ्या, नाकाची पट्टी बदलता येणारा. टोपी सिलिकॉनची. फिन्सही (पायात घालायचे रबरी पंख) घेऊन टाका, डीपची भीती जाते. बॅच पहाटेची पहिली, दुसरा विचार नको.

क्लोरीनकाका:
त्यांनी साधा म्हटलंय हो. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर दाबा आणि हात सोडा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा, मग किंमत बघू नका. आतून बोट फिरवायचं नाही, धुकं न धरणारा थर तिथेच असतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरू नका. आधी मिनिटभर शॉवर घ्या आणि केस साध्या पाण्याने चिंब करा, म्हणजे तलावाचं पाणी कमी शोषतात. पाण्यात पाय टाकण्याआधी डीपच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर बॅच सोडून द्या.

सूरमार:
आणि क्लोरीनचा भपकारा आला तर समजा औषध जास्त पडलंय.

क्लोरीनकाका:
उलटं आहे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतं, डोळे चुरचुरतात ते त्याने. नीट राखलेल्या पाण्याला वास फार कमी असतो. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७.२ ते ७.८ आणि मोकळा (कशाशी संयोग न झालेला) क्लोरीन निदान १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, हवा. फळ्यावर लिहितात, तारीख आजची आहे का तेवढं बघा.

जुनीवीट:
इतिहासाचं बोला की कोणीतरी. कोनशिलेवर विसंबू नका, बऱ्याचदा ती नूतनीकरणाची असते. आधी काठ बघा. पाणी काठापेक्षा वीतभर खाली आणि भिंतीतच आत वळलेली पन्हळ, ही जुनी बांधणी. पाणी काठाबरोबर येऊन जाळीत ओघळत असेल तर काठ नंतर बदललाय. मग खोलीचे आकडे. टाइलमध्येच भाजलेला आकडा फुटांत आणि शेजारी रंगाने लिहिलेला मीटरमध्ये असेल, तर मूळचा कोणता ते उघड आहे. डीपच्या टोकाला काठावर कापलेले बोल्ट किंवा वेगळ्या रंगाचं चौकोनी ठिगळ दिसलं तर तिथे उडी मारायचा मनोरा किंवा फळी असावी. १० मीटरच्या मनोऱ्याखाली आता स्पर्धेला ४.५ ते ५ मीटर पाणी लागतं, जुन्या टाक्या तितक्या खोल नसतील तर मनोरा उतरवण्याला कारण मिळतं.

कडेला एखादी सुटी खोली दिसेल, झरोके जमिनीलगत. ती क्लोरीन वायूच्या सिलिंडरची. हा वायू हवेच्या अडीचपट जड, गळला तर खाली साचतो, म्हणून झरोके खाली.

पाणकावळा:
+१, कोनशिला बघूच नका. लांबी मोजा. १०० फुटी टाकी ३०.४८ मीटर भरते. ५० मीटरची वाटणारी कधीकधी ५५ यार्डांची निघते, ५०.२९ मीटर. अशा टाकीत ३२ लांब्या म्हणजे बरोब्बर एक मैल, मापामागचं गणित हेच.

सूरमार:
पावलांनी मोजता येईल. आणि ऑलिम्पिकला पहिल्यापासून ५० मीटरच आहे.

पाणकावळा:
२९ सेंमीचा फरक पावलांत? १९०८ ला लंडनमध्ये स्टेडियमच्या मैदानातच १०० मीटरची टाकी बांधली होती. ५० मीटर आणि लेनचे दोर १९२४ च्या पॅरिसला.

मोहरी:
इतिहासच काढायचा तर मोहेंजोदडोचं महास्नानगृह! साधारण १२ बाय ७ मीटर, २.४ मीटर खोल, पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर. आमच्या नव्या तलावाच्या टाइल्स दर वर्षी निघतात.

जुनीवीट:
ते पोहायला होतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही, विषय भरकटतोय. उथळपाणी, पंपघरात डोकवायला परवानगी मागा. वाळूच्या फिल्टरवरचं दाब दाखवणारं घड्याळ स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा ८-१० पीएसआय (दाबाचं एकक) वर गेलं की बॅकवॉश करतात, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुतात, त्या वेळी गेलात तर यंत्रणा चालू बघायला मिळेल. गाळणी यायच्या आधी टाकी भरायची आणि आठवड्याने ओतून द्यायची. ब्रिटनमध्ये तर स्वच्छ पाण्याच्या दिवशी तिकीट जास्त आणि गढूळ दिवशी कमी असायचं. कागद हवे असतील तर पालिकेच्या सभेचे ठराव आणि बांधकाम खात्याचे नकाशे मागा. कपडे बदलायच्या जागी फोन बाहेर काढू नका.

सूरमार:
हे सगळं पहाटेच बघा. गर्दी नसते.

उथळपाणी:
सगळ्यांचे आभार. कार्यालयात विचारलं, टाइल्सच्या दुरुस्तीसाठी पुढच्या आठवड्यात टाकी रिकामी करणार आहेत. तेव्हाच जातोय. पोहणं राहू दे, तळ आणि ठिगळं कोरडी दिसतील.

क्लोरीनकाका:
मग गॉगलवर एवढं लिहिलं कशाला! दुरुस्ती पावसाआधी उरकताहेत ना? भूजल वर असलं की रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाते, तळ तडकतो. टाकीच्या तळापेक्षा पाणी मीटरभर वर असेल तर दर चौरस मीटरला टनभर रेटा. आत उतरताना चपला घालून जा, फुटक्या टाइलची धार ब्लेडसारखी असते.

उथळपाणी:
हो, पावसाआधीच. गॉगल-टोपी रद्द, त्या पैशात ५० मीटरची टेप घेतली.

पाणकावळा:
५५ यार्डांची निघाली तर २९ सेंमी कमी पडेल. सोबत पट्टी ठेवा.