मदत हवी आहे : मिल्ले मिलियाच्या ड्रायव्हरांच्या आठवणी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. माझे वडील जुने मोटार मेकॅनिक. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, म्हणून इटलीतल्या १९५५ च्या मिल्ले मिलिया या मोटार शर्यतीबद्दल मिळेल ते मी मराठीत करून त्यांना वाचून दाखवतो.

ब्रेशियाहून रोमला जाऊन परत, सुमारे १,६०० किलोमीटर, तेही साध्या रस्त्यांवरून! स्टर्लिंग मॉसने मर्सिडीज ३०० एसएलआर चालवत ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकली. गाडीचा नंबर ७२२, कारण ती सकाळी ७:२२ ला सुटली. शेजारी बसलेला पत्रकार डेनिस जेन्किन्सन. वळणांच्या नोंदी त्याने एका लांबलचक कागदी गुंडाळीवर लिहिल्या होत्या. डबीतली ती गुंडाळी फिरवत तो पुढचं वळण बघायचा आणि हाताने खुणा करायचा, कारण त्या आवाजात बोलणं अशक्यच. न दिसणाऱ्या चढापलीकडे केवळ त्या खुणेच्या भरवशावर मॉस वेग कमी करत नसे. वडिलांना हे पुन्हा पुन्हा ऐकायचं असतं.

जेन्किन्सनने लिहिलेली हकीकत मिळाली आहे. आता मला बाकीच्यांच्या आठवणी हव्यात. दुसरा आलेला फांजिओ तर एकटाच चालवत होता, आणि १९५७ ची शर्यत जिंकणारा पिएरो तारुफी. त्यांच्या मुलाखती इंग्रजीत कुठे आहेत का? इटालियन किंवा स्पॅनिश जाणणारं कुणी थोडं समजावून सांगेल का? श्टुटगार्टमधल्या मराठी मंडळींपैकी कुणी मर्सिडीजच्या संग्रहालयात चौकशी करू शकलं, तर फार उपकार होतील.